फोल्डरचं नाव बदललं आणि सगळी कामं गायब

प्रश्न थोडक्यात असा. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून त्यावर डॉकर कंपोजने (एका फाइलमध्ये लिहिलेले कंटेनर एकदम चालवणारं साधन) टास्क मॅनेजमेंटचं एक वेब ॲप चालवलं आहे. दोन कंटेनर (प्रोग्राम वेगळे ठेवून चालवायचे डबे) आहेत, एकात ॲप आणि दुसऱ्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस. चार महिने काही तक्रार नव्हती. परवा आवराआवर करताना सगळं थांबवलं, ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर ‘टास्क्स’ केलं, त्याच झटक्यात नवी इमेज (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) ओढली आणि पुन्हा चालू केलं. ॲप उघडतं, पण जुना पासवर्ड चालत नाही. नवं खातं काढून आत गेलं तर यादी कोरी. ‘नव्या इमेजने डेटा पुसला का? जुनी इमेज परत कशी आणू? हेच पाच जणांच्या टीमला द्यायचं होतं, तर आता दुसरं ॲप बघू का?’

दुसरं ॲप नको, आणि नुसत्या जुन्या इमेजनेही हे सुटणार नाही. तुमचा डेटा बहुतेक जागच्या जागी आहे, ॲप भलतीकडे बघतंय. दोन गोष्टी एकदम बदलल्यामुळे इमेजवर संशय जाणं साहजिक आहे, पण ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत. आत्ता डेटा खरोखर जाऊ शकतो तो फक्त घाईत चालवलेल्या कमांडने. म्हणून ‘जरा साफसफाई करून बघू’ म्हणून डॉकर सिस्टम प्रून किंवा व्हॉल्यूम प्रून (बिनवापराचं पुसणाऱ्या कमांड; व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरबाहेर डेटा ठेवायची डॉकरची जागा) चालवू नका, आणि कंपोज डाउनला (कंटेनर थांबवून काढणारी कमांड) ‘-व्ही’ लावू नका. तो ‘-व्ही’ व्हॉल्यूमसकट काढून टाकतो, आणि विचारतही नाही. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप नेहमीसारख्याच करा.)

झालं काय ते बघू. कंपोज प्रत्येक मांडणीला एक प्रोजेक्टचं नाव देतं. तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर ज्या फोल्डरमध्ये कंपोजची फाइल आहे त्या फोल्डरचं नाव हेच प्रोजेक्टचं नाव होतं. कंटेनर, नेटवर्क, व्हॉल्यूम, सगळ्यांना हे नाव आडनावासारखं पुढे चिकटतं. तुमच्या फाइलमध्ये व्हॉल्यूमचं नाव ‘डीबी-डेटा’ असेल तर डॉकरच्या दप्तरी तो ‘टेस्ट_डीबी-डेटा’ म्हणून नोंदलेला होता. फोल्डर ‘टास्क्स’ झाल्यावर कंपोजने ‘टास्क्स_डीबी-डेटा’ शोधला, तो सापडला नाही, मग गुपचूप नवा केला. रिकाम्या व्हॉल्यूमवर पोस्टग्रेसने नवा डेटाबेस उभारला, ॲपने त्यात आपली टेबलं बनवली आणि तुम्हाला पहिल्या दिवसासारखं लॉगिनचं पान दाखवलं. कुणाचीच चूक म्हणावी अशी नाही. इतक्या मोठ्या बदलावर साधी सूचनाही येऊ नये, याचा मात्र मला आजही राग येतो.

आता खात्री करून घ्या. डॉकर व्हॉल्यूम एलएस चालवलं की यादी येईल. त्यात एकाच शेपटीचे दोन व्हॉल्यूम दिसले, एक ‘टेस्ट’चा आणि एक ‘टास्क्स’चा, की निदान पक्कं. मग डॉकर सिस्टम डीएफ -व्ही चालवा. (इथल्या ‘-व्ही’चा अर्थ फक्त ‘सविस्तर दाखव’. डॉकरमध्ये एकच अक्षर कुठे दाखवतं आणि कुठे पुसतं.) त्यात व्हॉल्यूमचे आकार दिसतील. नव्याकोऱ्या पोस्टग्रेसचाही आकार काही दहा एमबी भरतो, त्यामुळे आकारावरून लगेच निष्कर्ष काढू नका. व्हॉल्यूम इन्स्पेक्टमध्ये तयार झाल्याची तारीख असते, ती जास्त बोलकी. चार महिन्यांपूर्वीची तारीख दिसली की तो तुमचा.

परत आणणं एका ओळीचं काम आहे, पण त्याआधी एक गोष्ट: गेल्या दोन दिवसांत रिकाम्या यादीत काही नवी कामं टाकली असतील तर ती कागदावर उतरवून घ्या. दोन डेटाबेस एकमेकांत मिसळायच्या भानगडीत पडू नका, आठ-दहा कामं पुन्हा टाइप करणं केव्हाही स्वस्त. मग कंपोज डाउन करा, ‘-व्ही’शिवाय. कंपोजच्या फाइलमध्ये अगदी वर ‘नेम’ ही ओळ घाला आणि तिथे जुनं नाव, म्हणजे ‘टेस्ट’, लिहा. फोल्डर आता काहीही म्हणवून घेऊ दे, प्रोजेक्टचं नाव तेच राहील. इमेज तात्पुरती जुन्याच आवृत्तीवर ठेवा, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलेल (जुन्या व्हॉल्यूमला नव्या इमेजने हात लावलेला नाही, म्हणून हे चालतं). कंपोज अप करा आणि जुन्या पासवर्डने आत जा.

‘टेस्ट’ हे नाव डोळ्यांना खुपत असेल तर खुपू द्या. फारच अस्वस्थ वाटलं तर फाइलच्या शेवटी जिथे व्हॉल्यूम जाहीर केले आहेत तिथे त्या व्हॉल्यूमखाली त्याचं पूर्ण नाव लिहून ‘एक्स्टर्नल’ असं सांगता येतं. मग प्रोजेक्टला कितीही बारसं केलं तरी व्हॉल्यूम तोच राहतो. शिवाय एक्स्टर्नल व्हॉल्यूम सापडला नाही तर कंपोज नवा न करता थांबतं आणि चूक दाखवतं. डाउनला चुकून ‘-व्ही’ लागला तरी ते अशा व्हॉल्यूमला हात लावत नाही. माझ्याकडच्या सगळ्या डेटाबेसचे व्हॉल्यूम मी असेच ठेवतो.

यादीत दोन जुळे व्हॉल्यूम दिसलेच नाहीत तर? मग ६४ अक्षरांचं अगम्य नाव असलेले व्हॉल्यूम शोधा. ते निनावी व्हॉल्यूम. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्येच लिहिलेलं असतं की डेटाची जागा व्हॉल्यूमवर असली पाहिजे, आणि तुम्ही काही जोडलं नाही तर डॉकर स्वतःच एक निनावी व्हॉल्यूम जोडतो. १७व्या आवृत्तीपर्यंत ही जागा ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा’ अशी होती. पुष्कळ जण शेवटचा ‘डेटा’ गाळून त्याच्या वरच्या फोल्डरवर आपला व्हॉल्यूम जोडतात. दिसायला सगळं बरोबर असतं, पण खरा डेटा आतल्या निनावी व्हॉल्यूममध्ये पडत राहतो आणि तुमचा नावाचा व्हॉल्यूम रिकामा बसून असतो. कंटेनर काढून नवा केला की त्याला नवा निनावी व्हॉल्यूम मिळतो. गंमत म्हणजे १८व्या आवृत्तीपासून इमेजने नेमकं उलट केलंय. आता व्हॉल्यूम वरच्या फोल्डरवरच जोडायचा आणि आत आवृत्तीच्या आकड्याचं वेगळं फोल्डर होतं. म्हणून कुठल्याही जुन्या लेखातली कंपोज फाइल उचलताना ती पोस्टग्रेसच्या कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली होती ते आधी बघा.

आणि निनावीही नसेल, म्हणजे ॲप आपला डेटा कंटेनरच्या पोटातच लिहीत असेल, तर ‘डाउन’ केलं त्या क्षणी तो गेला. तुमच्याकडे पोस्टग्रेस आहे म्हणून कामांच्या यादीबाबत ही शक्यता कमी आहे, पण जोडलेल्या फाइली, म्हणजे कामांना चिकटवलेले फोटो आणि पीडीएफ, त्या मात्र कुठे जातात ते नक्की तपासा. त्या डेटाबेसमध्ये नसतात. यादी सगळी दिसते आणि फाइल उघडायला गेलं की चारशे चार, म्हणजे ‘सापडत नाही’ची चूक, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

इथपर्यंत झाली मलमपट्टी. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुम्ही चार महिने कंटेनर सांभाळत होतात, आणि सांभाळायची गोष्ट ती नव्हतीच. कंटेनर रोज मोडून रोज नवा केला तरी चालायला हवा. सांभाळायच्या गोष्टी चार: डेटाबेस, जोडलेल्या फाइली, कंपोजची फाइल आणि गुपितांची (पासवर्ड वगैरेंची) फाइल, म्हणजे ती डॉट ईएनव्ही. या चार एका पेनड्राइव्हवर घेऊन कोऱ्या मशीनवर अर्ध्या तासात ॲप उभं करता येत असेल तर तुम्ही ते ‘चालवताय’. नाहीतर ते आपलं आपण चाललंय आणि तुम्ही बघताय.

म्हणून बॅकअप. आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण तुमच्याकडूनही हेच व्हायची शक्यता मोठी आहे. मी एका छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर रात्री दोनला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारं लिनक्समधलं साधन) पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची एका फाइलमधली प्रत) काढायची स्क्रिप्ट लावली. कंपोज एक्झेकने डेटाबेसच्या कंटेनरमध्ये पीजी-डंप चालवायचं, निघालेलं फाइलमध्ये वळवायचं, आठव्या दिवसाची जुनी फाइल उडवायची. हाताने चालवून पाहिली तेव्हा फाइल उत्तम बनली. पुढे मधूनमधून फोल्डरमध्ये डोकावायचो, तर रोजची फाइल रोज हजर, नावात तारीख बरोबर. एकदा एकाने चुकून अख्खा प्रोजेक्ट डिलीट केला आणि मी ऐटीत म्हटलं, कालचा बॅकअप आहे ना. लांबी बघितली तर शून्य बाइट. सातही फाइली शून्य.

कारण क्षुल्लक होतं. कंपोज एक्झेक आपणहून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, मागतो. मी हाताने चालवली तेव्हा टर्मिनल होतं, क्रॉनकडे नसतं. कमांड तिथेच पडत होती, पण फाइलमध्ये वळवण्याचा ‘>’ हा बाण शेलने (कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने) त्याआधीच पाळलेला असतो, त्यामुळे रिकामी फाइल तयार होतच होती. उपाय एका अक्षराचा: एक्झेकला कॅपिटल अक्षरातला ‘-टी’ लावायचा. तो डिलीट झालेला प्रोजेक्ट शेवटी लोकांच्या ईमेलमधून, आलेल्या सूचना वाचत वाचत, पुन्हा उभा केला. दोन दिवस गेले आणि माझी ऐटही.

तेव्हापासून माझी स्क्रिप्ट थोडी संशयी झाली. डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा. साध्या एसक्यूएल स्वरूपातल्या पीजी-डंपच्या अखेरीस डंप पूर्ण झाल्याची एक ओळ असते, शेवटच्या काही ओळींत ती आहे का ते तपासायचं. असेल तरच खरं नाव द्यायचं, आणि त्यानंतरच जुनी फाइल उडवायची. नसेल तर मला ईमेल. ‘आधी नवा पक्का, मग जुना खलास’ हा क्रम उलटला की फिरती साखळी स्वतःच चांगले बॅकअप खाऊन टाकते, माझ्याकडे तेच झालं होतं. डंप ॲप चालू असतानाही काढता येतो, पीजी-डंप एकाच क्षणाचं सुसंगत चित्र घेतो. व्हॉल्यूमच्या फाइली चालत्या डेटाबेसखालून कॉपी केल्या तर तशी हमी नाही. आधी डंप घ्या आणि मग जोडलेल्या फाइली. मधल्या वेळात कुणी नवी फाइल टाकली तर बॅकअपमध्ये एक फाइल जास्तीची येईल, त्याने बिघडत नाही. उलट क्रमाने केलं तर डेटाबेस म्हणेल फाइल आहे आणि फाइल नसेल.

बॅकअप त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना ३-२-१ चा नियम टास्कच्या यादीला जरा जड वाटतो, पण निदान एक प्रत दुसऱ्या मशीनवर आणि एक बाहेर इतकं करा. बॅकअपसाठी मी रेस्टिक हे साधन वापरतो, बोर्गही तितकंच चांगलं. रेस्टिकमध्ये सगळं एनक्रिप्ट होतं, तेव्हा त्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर ठेवून निवांत झोपू नका. लॅपटॉप गेला की पासवर्ड गेला, आणि बॅकअप असून नसल्यासारखा.

परत आणण्याची तालीम मात्र केलीच पाहिजे. आणि ज्याने तुम्हाला दगा दिला तेच प्रोजेक्टचं नाव इथे उपयोगी पडतं. कंपोजला ‘-पी तालीम’ सांगितलं की त्याच फाइलमधून दुसरं बिऱ्हाड उभं राहतं, वेगळे कंटेनर, वेगळं नेटवर्क, वेगळा रिकामा व्हॉल्यूम. पण दोन ठिकाणी जपा. एक, व्हॉल्यूम एक्स्टर्नल केला असेल किंवा फोल्डर थेट जोडलं असेल तर दोन्ही बिऱ्हाडं एकाच डेटावर बसतील, म्हणून तालमीसाठी ती ओळ बदललेली वेगळी फाइल ठेवा. पोर्टही (ॲप ज्या क्रमांकावर उघडतं तो) वेगळा द्या. दोन, ईमेलची सेटिंग आधी काढा. माझ्या एका तालमीच्या प्रतीने जागी झाल्याझाल्या थकलेल्या सगळ्या कामांची आठवणपत्रं खऱ्या लोकांना धाडली. सकाळी आठला फोन सुरू झाले.

तालमीत क्रम असा: आधी फक्त डेटाबेसचा कंटेनर उठवायचा, ॲपचा नाही. रिकाम्या डेटाबेसमध्ये पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांडने डंप ओतायचा. फाइली जागेवर ठेवायच्या. मग ॲप. ॲप आधी उठलं तर ते आपली कोरी टेबलं बनवून बसतं आणि डंप ओतताना ‘हे आधीच आहे’ अशा चुकांचा पाऊस पडतो. ॲप उठल्यावर लॉगिन करा, एखादं जुनं काम उघडा, त्याची जोडलेली फाइल उघडा. ती उघडली तर बॅकअप आहे.

आता पाच जणांचा विचार. इथून पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर ठरतं, म्हणून मी काय करतो आणि का एवढंच सांगतो.

डेटाबेस कुठला? पाच माणसांच्या कामांच्या यादीला एसक्यूलाइट, म्हणजे साध्या फाइलमध्ये राहणारा डेटाबेस, पुरून उरतो. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो हे खरं, पण ते लिहिणं मिलिसेकंदांचं असतं, पाच जण त्याला घाम फोडू शकत नाहीत. एक कंटेनर कमी होतो, मोठ्या आवृत्त्यांची कटकट जाते. तरी तुमचं पोस्टग्रेस चालू आहे, तर केवळ यासाठी बदलू नका. आणि निवड नेहमी आपल्या हातात नसते. कामांच्या ॲपांपैकी विकुंजा एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस तिन्हींवर चालतं. कॅनबोर्ड सुरुवातीला एसक्यूलाइटच घेतं. प्लांकाला पोस्टग्रेस लागतं आणि वीकॅनला मोंगोडीबी. कधी एसक्यूलाइटकडे गेलातच तर एक लक्षात ठेवा: वॉल पद्धत चालू असेल तर मुख्य फाइलशेजारी ‘-वॉल’ शेपटीची आणखी एक फाइल असते, आणि ताजं लिखाण आधी तिच्यात जातं. ती साधारण १,००० पानांची, म्हणजे चारेक एमबीची झाली की मग मुख्य फाइलमध्ये रिती होते. छोट्या यादीत चार एमबी भरायला दिवसच्या दिवस लागू शकतात, आणि फक्त मुख्य फाइल कॉपी करणाऱ्याच्या बॅकअपमध्ये तेवढे दिवस नसतातच. एसक्यूलाइटची स्वतःची ‘बॅकअप’ कमांड वापरावी, किंवा कंटेनर थांबवून सगळ्या फाइली एकत्र घ्याव्यात. आणि ती फाइल नेटवर्कवरच्या शेअरवर ठेवू नये, तिथे फाइल लॉकचा भरवसा नसतो आणि वॉल पद्धत तर तिथे चालतच नाही.

आवृत्तीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ‘लेटेस्ट’ हा टॅग म्हणजे नुसतं एक नाव आहे. आज ते एका इमेजवर चिकटलेलं, उद्या दुसऱ्या. ॲपला नेमका आकडा लिहा. पोस्टग्रेसला निदान मोठा आकडा लिहा, उदाहरणार्थ १७. त्याच मोठ्या आकड्यातले छोटे बदल बिनधास्त घ्या, डिस्कवरचं स्वरूप तेच राहतं. १७ वरून १८ वर मात्र नुसता टॅग बदलून जाता येत नाही, नवा सर्व्हर जुन्या फाइली उघडायला चक्क नकार देतो. डंप काढा, नव्या रिकाम्या व्हॉल्यूमवर नवी आवृत्ती उभी करा, डंप ओता. तालीम केलेली असली की हे काम चहा निवायच्या आत होतं. ॲपची नवी आवृत्ती घेण्याआधीही डंप हवाच, कारण नवं ॲप पहिल्यांदा उठताना डेटाबेसची रचना बदलतं आणि परतीची वाट बहुधा नसते. नुसती जुनी इमेज लावून मागे जाता येत नाही, जुन्या इमेजबरोबर जुना डंपही लागतो. ‘जुनी इमेज परत कशी आणू’ या तुमच्या प्रश्नाचं हे उरलेलं उत्तर. इमेज आपोआप अपडेट करणारी साधनं मी टीमच्या ॲपवर लावत नाही. मी जागा असताना, बदलांची टिपणं वाचून, महिन्यातून एकदा करतो.

पासवर्डची एक गोम. पोस्टग्रेसच्या इमेजला एनव्हायर्नमेंटमधून, म्हणजे डॉट ईएनव्हीतून, दिलेला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, रिकामा व्हॉल्यूम उभारताना वाचला जातो. नंतर डॉट ईएनव्हीत तो बदलला तर ॲप नव्या पासवर्डने दार ठोठावतं आणि डेटाबेस जुनाच धरून बसतो. बदलायचा असेल तर डेटाबेसच्या आत जाऊन बदला, मग फाइलमध्ये. तसंच, ॲपला जे गुप्त टोकन द्यायचं असतं ते दिलंच नाही तर काही ॲपं दर वेळी उठताना नवं बनवतात, आणि प्रत्येक रीस्टार्टनंतर सगळे लॉगआउट होतात. एकटे असाल तर खपतं, पाच जण असले की रोज तुमच्याच नावाने हाक येते.

आता पाच जण येणार कुठून? सगळे एकाच वायफायवर असतील तर बाहेरचा दरवाजा उघडूच नका. बाहेरून यायचे असतील तरी पाच जणांसाठी मी आधी वायरगार्ड किंवा टेलस्केल (खासगी नेटवर्क जोडणारी साधनं) सुचवतो. प्रत्येकाच्या फोनवर एकदा बसवायची कटकट आहे, पण लॉगिनचं पान जगासमोर मांडायची वेळ येत नाही. कुणी नाहीच ऐकलं, उघड्या इंटरनेटवरच हवं म्हणाले, तर पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (ॲपच्या दारात उभा राहून विनंत्या आत पोचवणारा प्रोग्राम) ठेवा. मी कॅडी वापरतो, कारण एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र ते आपणच घेतं आणि आपणच नवं करतं. एनजिनएक्सही उत्तम, फक्त त्यात अपलोडची मर्यादा मुळात एक एमबीची असते, म्हणून फोटो जोडताना चारशे तेराची (‘फाइल फार मोठी’) चूक आली तर ॲपला शिव्या देऊ नका.

आणि पोर्ट. कंपोजमध्ये नुसता पोर्ट उघडला की तो मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम घालत असल्यामुळे यूएफडब्ल्यूने (फायरवॉल लावायचं सोपं साधन) अडवलेला पोर्टही बाहेरून सर्रास उघडा राहतो. फायरवॉलची यादी ‘बंद’ म्हणते आणि शेजारच्या मशीनवरून पान उघडतं. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहा. डेटाबेसला तर पोर्ट उघडायचंच कारण नाही, ॲप त्याला आतल्या नेटवर्कवरून कंपोजच्या फाइलमधल्या सर्व्हिसच्या नावाने गाठतं. ॲपच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहून लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः.

तुमचं खातं तयार झालं की नोंदणी बंद करा. तुम्हाला परवा सहज नवं खातं काढता आलं, म्हणजे ती उघडी आहे. कॅनबोर्डसारख्या ॲपमध्ये सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’ असतात, तेही पहिल्याच मिनिटाला बदला.

किरकोळ वाटणारी पण नंतर नडणारी काही कामं. डॉकरचे लॉग (कंटेनरच्या नोंदी) मुळात अमर्याद वाढतात. एकेक फाइल १० एमबी आणि अशा तीन, इतकी मर्यादा कंपोजमध्ये घाला. ती कंटेनर नव्याने केल्यावरच लागू होते, रीस्टार्टने नाही. डिस्क भरली की सगळ्यात आधी डेटाबेस हात वर करतो. ‘रीस्टार्ट’ला ‘अनलेस-स्टॉप्ड’ द्या, म्हणजे वीज जाऊन आली तरी सगळं आपसूक उठेल. उठताना ॲप डेटाबेसच्या आधी तयार होऊन आदळत असेल तर डेटाबेसला पीजी-इजरेडीची (डेटाबेस तयार आहे का ते बघणारी कमांड) आरोग्य तपासणी लावा आणि ती पास झाल्यावरच ॲप सुरू व्हावं असं सांगा. नुसतं ‘डिपेंड्स-ऑन’ कंटेनर सुरू होण्याची वाट बघतं, तयार होण्याची नाही. वेळेचा पट्टा ॲपलाही सांगा आणि प्रत्येकाच्या खात्यातही बघा. कंटेनर सहसा युटीसी या जागतिक वेळेत जगतो आणि ‘आज’ची कामं काल किंवा उद्या दिसू लागतात. आठवणीची ईमेलं हवी असतील तर एसएमटीपी (ईमेल पाठवायची जोडणी) लागेल. घरगुती जोडणीवर २५ नंबरचा पोर्ट बहुधा अडवलेला असतो, कुठल्याही ईमेल सेवेचा ५८७ वापरा. ॲपचा सार्वजनिक पत्ता सेटिंगमध्ये नीट लिहिला नाही तर ईमेलमधल्या लिंका लोकलहोस्टवर नेतात आणि टीम म्हणते ॲप बंद आहे.

आणि लॅपटॉप आहे म्हणून खास: झाकण मिटलं की तो झोपतो. लॉगइनडी या लिनक्सच्या सेवेच्या सेटिंगमध्ये झाकणाच्या स्विचला ‘इग्नोर’ सांगा. जुनी बॅटरी फुगली आहे का तेही बघा. चांगली असेल तर फुकटचा यूपीएस, फुगलेली असेल तर काढूनच टाका.

टीमला बोलवायचं कधी, तर मी असा गेलो असतो. आज जुना व्हॉल्यूम परत जोडा. या आठवड्यात डंपची स्क्रिप्ट, ‘-टी’सकट. पुढच्या शनिवारी तालीम, ईमेल बंद ठेवून. मग आधी एकाच सहकाऱ्याला खातं द्या, जो सगळ्यात जास्त कुरकुर करतो त्याला. दोन आठवडे त्याने वापरलं की वरच्यापैकी काय राहून गेलं ते तो तुम्हाला सांगेलच. ‘टास्क्स’ नावाचा तो चुकून झालेला व्हॉल्यूमही तोवर पुसू नका. जागा फारशी खात नाही, आणि कागदावर उतरवायचं राहिलेलं एखादं काम त्यात निघतं.